पँटच्या मागची धूळ

माझी पँट उजव्या मांडीवर आधी विरते. बाकी कापड धडधाकट, खिसे नव्यासारखे, आणि मांडीवर तळहाताएवढा एक चकचकीत चट्टा. पोलिओनं उजवा पाय लहानपणीच वाळला. त्या गुडघ्यात उभं राहायची ताकद नाही, म्हणून दर पावलाला उजव्या हातानं मांडी मागे रेटायची, गुडघा ताठ करायचा आणि मग पुढे व्हायचं. शाळेत असताना लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर होतं. कॉलेजात गेल्यावर मी ते माळ्यावर टाकलं. त्यामागचं कारण भाषणांत मी ‘आत्मविश्वास’ असं सांगत आलोय. खरं कारण वर्गातल्या मुली. चालताना ते कुरकुरायचं.

भाषणं मी पुष्कळ केली. नाशिकमध्ये आम्ही काही जणांनी मिळून अपंगांची एक छोटी संघटना काढली आणि बोलायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतली नोकरी, बरी भाषा, आणि मुख्य म्हणजे मी स्वतःच्या पायांनी स्टेजवर चढू शकत होतो. घरात मात्र मी मुका. बायको म्हणते, “तुमचं तोंड माईक दिसल्याशिवाय उघडत नाही.”

स्टेजवर चढण्याचं मी गमतीनं म्हणत नाही. अपंग दिनाचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे. स्टेज छातीइतकं उंच, बाजूला मंडपवाल्यानं टेकवलेल्या डुगडुगत्या पायऱ्या. आमच्यासाठीच ठेवलेल्या कार्यक्रमात आम्हाला वर जायची सोय नसते, आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. व्हीलचेअरवाल्याला चौघं जण खुर्चीसकट उचलतात आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या उचलणाऱ्यांना असतात. उचललेला माणूस हवेत, एक चप्पल खाली पडलेली, आणि तरी तो हसतो, कारण फोटोग्राफर समोर उभा असतो. मग प्रमुख पाहुणे आम्हाला ‘दिव्यांग’ का म्हणायचं ते समजावतात. आमच्यात काहीतरी दिव्य आहे म्हणे. हॉलच्या संडासाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद निघतं तेव्हा ते दिव्य कुठे जातं, ते पाहुण्यांना विचारायची संधी मिळत नाही. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं.

मी मात्र चढायचो. एक हात मांडीवर, एक हात जे सापडेल त्याला. वर पोचलो की टाळ्या, आणि त्या टाळ्या माझ्या असायच्या. वर जाऊन मी पांडवलेण्यांची गोष्ट सांगायचो. शाळेची सहल होती, गुरुजींनी मला डोंगराखाली सगळ्यांचे डबे राखायला बसवलं होतं, पण मी बसलो नाही, रेटत रेटत लेण्यांपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक झालं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या संघटनेतले लोक शेवटचं वाक्य माझ्याआधी पुटपुटतात.

उतरलो कसा, हे आजवर एकाही श्रोत्यानं विचारलं नाही. पीटीच्या सरांच्या पाठुंगळी बसून उतरलो. भीतीनं मी त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली होती की ते म्हणत होते, “अरे, जीव घेशील माझा.” घरी आल्यावर आईनं विचारलं, “कुणाला हात नाही ना मागितलास?” कुणाला हात मागायचा नाही, हा तिचा नियम. तिनं तो प्रेमानंच घातला होता. मी नाही म्हणालो. तेव्हापासून मी नाहीच म्हणत आलो.

आता दिंडोरीच्या मुलीविषयी.

मुलगी म्हणायचं ते माझ्या वयामुळे. चांगली तिशीची बाई आहे. दुचाकीच्या अपघातात कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर तिनं बी.कॉम. पूर्ण केलं आणि एका पतसंस्थेत क्लार्कची नोकरी मिळवली. घर तिच्या पगारावर चालतं. पतसंस्थेचं जुनं कार्यालय तळमजल्यावर होतं तोवर सगळं ठीक होतं. मग संस्थेची नवी इमारत झाली. तळमजल्यावर भाड्यानं द्यायला गाळे काढले आणि कार्यालय वर नेलं. नकाशात लिफ्टची जागा होती. त्या जागेत संस्थापकांचा अर्धपुतळा बसवला. संस्थापक म्हणजे विद्यमान चेअरमनसाहेबांचे वडील.

पुतळ्यासमोरून रोज सकाळी दोन शिपाई तिला खुर्चीसकट उचलून वर न्यायचे आणि संध्याकाळी खाली आणायचे. मध्येच लघवीसाठी खाली यायला लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नव्हती. त्या दोघांपैकी एकाचा हात कसा आणि कुठे लागायचा, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नुसती म्हणाली, “सर, मला सामानासारखं नाही जायचं आता.” तिनं जाणं बंद केलं आणि रजा टाकली. चेअरमननी निरोप धाडला की रजा संपली की हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. संस्था कुणासाठी थांबत नसते.

“मला लिफ्टपण नको,” ती म्हणाली. “खाली एक टेबल आणि एक कॉम्प्युटर द्या. एवढंच.”

संघटनेनं तक्रार केली. खूप खेटे घातल्यावर पाहणी ठरली. सरकारकडून एक इंजिनियर आणि अपंगांचा प्रतिनिधी म्हणून मी. जिना पाहायचा, तो चालण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं. बस्स. तिची नोकरी त्यावर ठरणार होती आणि हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

आम्ही गेलो तेव्हा द्राक्षांचे दिवस होते. रस्त्यावर फवारणीचे ट्रॅक्टर, हवेत औषधाचा उग्र वास. ती आधीच येऊन जिन्याच्या पायथ्याशी, शेती औषधांच्या दुकानाच्या सावलीत खुर्ची लावून बसली होती. मला बघून मान हलवली. मी पण हलवली. तेवढ्यात चेअरमनसाहेब पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उगवले. पांढरे कपडे, कपाळाला गंध.

“या या सर! लय ऐकलंय तुमच्याबद्दल. चहा वर ठेवलाय. का खालीच आणू? जमंल ना?”

‘जमंल ना’ हे दोन शब्द माझ्यावर काय करतात, ते मला आता छापील अक्षरांत लिहायला लाज वाटते. एखाद्या शर्यतीच्या बैलाला जशी टोचणी लागते तसं होतं. मी इंजिनियरकडे पाहिलं नाही, खाली बसलेल्या तिच्याकडे तर मुळीच नाही. डावा हात कठड्याला, उजवा मांडीवर, आणि मी निघालो. मधल्या वळणावर थांबलोसुद्धा नाही. पुतळ्याला मात्र मनात शिव्या दिल्या.

“वा!” चेअरमन वरून ओरडले आणि मग खाली वाकून तिला म्हणाले, “बघितलं का ताई? सर चढले. मनात असलं ना, की सगळं होतंय.”

वर शाल आणि नारळ तयार होता. म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाचा सत्कार. मी तो घेतला. मान थोडी खाली घालून, विनम्र वगैरे चेहरा करून घेतला. हा चेहरा मला सरावानं जमतो. कार्यालयातले सगळे टाळ्या वाजवत होते. खाली, औषधाच्या दुकानात, त्या टाळ्या नक्की ऐकू जात असणार.

इंजिनियर वाईट माणूस नव्हता. त्यानं टेप लावून पायऱ्यांची रुंदी मोजली, उंची मोजली, कठडा हलवून पाहिला आणि सरळ मला विचारलं, “सर, तुम्हाला काही त्रास झाला का? तुम्ही म्हणाल तसं लिहितो.”

एवढं स्पष्ट मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. माझा खांदा ठणकत होता. डावा गुडघा, जो आयुष्यभर दोघांचं काम करत आलाय, तो लटपटत होता. समोर चेअरमन हसत होते.

“नाही,” मी म्हणालो. “काही त्रास नाही.”

चहा पिऊन सगळे उठले. मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मला एक फोन करायचाय.” ही माझी ठरलेली युक्ती. फोन कुणालाच करायचा नसतो. सगळे उतरून गेले, चेअरमनही गाडीपर्यंत पोचवायला गेले, तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी आलो.

तो जिना नीट समजून घ्या, सगळं त्यात आहे. कठडा एकाच बाजूला होता, दुसऱ्या बाजूला सपाट भिंत. चढताना कठडा डाव्या हाताला येतो आणि उजवा हात मांडी रेटायला मोकळा राहतो. उतरताना तोच कठडा उजव्या हाताला. आता उजव्या हातानं कठडा धरला तर गुडघा मोडतो, आणि गुडघा धरला तर धरायला भिंतीशिवाय काही नाही. मी उतरू शकत नाही. कुठल्याही असल्या जिन्यावरून उतरू शकत नाही, आणि अलीकडे तर मुळीच नाही.

म्हणून मी आजूबाजूला पाहिलं, शाल गळ्यात गुंडाळली, नारळ मांडीत घेतला आणि पायरीवर बसलो. बसून, घसरत, लहान पोरं उतरतात तसा एकेक पायरी उतरत आलो. अपंगांचा प्रतिनिधी. खालच्या पायरीवर कठड्याला लटकून उभा राहिलो, श्वास सावरला आणि वळलो.

ती जिथे होती तिथेच होती. तिची खुर्ची जिन्याकडे तोंड करून होती.

ती दुकानाच्या फळीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “सर, मागून पँट झाडा. धूळ लागलीय.”

मी झाडली. आणि गाडीत जाऊन बसलो.

घरी बायकोनं शाल घडी करून कपाटात ठेवली. त्या कपाटात शालींचा एवढा ढीग आहे की एखादं दुकान चालेल. “काय झालं त्या मुलीचं?” तिनं विचारलं. “बघू, अहवाल येईल,” मी म्हणालो. अहवाल मीच होतो. चालता-बोलता अहवाल, एका शब्दाचा.

तो यथावकाश आला. जिना प्रशस्त आहे, कठडा आहे, अपंग प्रतिनिधींनी स्वतः वापरून पाहिला, त्यांना अडचण आली नाही. संघटनेतल्या लोकांनी सरकारला शिव्या घातल्या. मीही घातल्या. त्या बैठकीत मी सगळ्यात जोरात बोललो.

मग तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

“सर, सोमवारी हजर व्हायचंय. मी राजीनामा लिहिलाय. तुम्हाला सांगावं म्हटलं.”

“असं कसं? आपण लढू की.”

“कशानं? चेअरमन सगळ्यांना सांगतात, सर चढले, आता हिला काय धाड भरलीय.” ती जराशी हसली. “खरंय ना सर. तुम्ही चढलातच.”

जे इतके दिवस डोक्यात घोळत होतं तेच मी विचारलं. “त्या दिवशी तुम्ही बघितलं होतंत. मी उतरताना. इंजिनियर तिथंच गाडीत होता. तुम्ही त्याला का नाही सांगितलं?”



“ते मी कसं सांगणार?” ती म्हणाली. “ते तुमचं होतं, सर. मला लोक रोज उचलताना बघतात. कुणी बघू नये असं वाटणं काय असतं, ते मला माहितीये.”

म्हणजे तिनं माझी लाज राखली होती, स्वतःची नोकरी देऊन. आणि मी तिला लढायला सांगत होतो. मी आयुष्यात अनेकांचा तिरस्कार केलाय. मंत्र्यांचा, फोटोग्राफरांचा, ‘तुमच्याकडे बघून प्रेरणा मिळते’ म्हणणाऱ्यांचा. त्या संध्याकाळी मला त्या सगळ्यांना एकेक करून माफ करावंसं वाटलं, कारण माझ्यापुढे ते फारच किरकोळ होते. ते निदान फसलेले लोक होते. त्यांना फसवलं कुणी?

“राजीनामा देऊ नका,” मी म्हणालो आणि फोन ठेवून इंजिनियरला लावला.

“सर, पाहणी तर झाली की,” तो म्हणाला. “आता काय राहिलं?”

“उतरणं राहिलं.”

सोमवारी सकाळी मी माळ्यावरून कॅलिपर काढायला लावलं. चामडं कडक झालेलं, पट्ट्या गंजलेल्या, आणि पाय त्यात मावेना. घातलं असतं तर बरं दिसलं असतं, मी पुन्हा काहीतरी दाखवण्याच्या बेतात होतो. बायको म्हणाली, “अहो, पुरे झालं नाटक. आहात तसे जा.”

तसाच गेलो. इंजिनियर आला होता, ती आली होती. मी जिन्यापाशी गेलो आणि पहिल्या पायरीवर बसलो.

चेअरमन वरून बघत होते. “सर, काय झालं? चक्कर आली का?”

“नाही. मी वर येत नाही. तुम्ही खाली या.”

“मागच्या वेळेला तर टणाटण चढले होते! बरं, काय हरकत नाय.” त्यांनी टाळी वाजवली. “ए, खुर्ची आणा रं. उचला सरांना.”

दोन शिपाई लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आले. तेच दोघे. एकानं माझ्या काखेत हात घातला, इतक्या सहज, की जणू मी पोतं होतो. त्याला माझी परवानगी विचारायचं सुचलं नाही. त्याला तसं शिकवलंच नव्हतं. त्या हाताचा स्पर्श मला आजही आठवतो. ती समोर बसून बघत होती. मी म्हणालो, “हात काढ.” त्यानं काढला. ती रोज असं म्हणाली असती तर त्यानं काढला असता का?

औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली होती. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून थांबला होता. माईक नव्हता. मी बोललो.

“मागच्या वेळी मी चढलो ते तुम्ही बघितलंत. उतरलो ते बघितलं नाही. मी बसून उतरलो. ढुंगण घासत. तुमचा नारळ मांडीत घेऊन. यांनी विचारलं, त्रास आहे का, तर मी नाही म्हणालो. खोटं बोललो.”

कुणीतरी खुदकन हसलं. हसण्यासारखंच होतं ते.

“अवो, मग तवाच सांगायचं ना!” चेअरमन एकेक पायरी उतरत म्हणाले. “एवढी शाल दिली आम्ही!”

“हो. शालीसाठीच नाही सांगितलं.”

इंजिनियर मात्र कठड्याकडे बघत होता. मग काही न बोलता तो वर गेला, उजवा हात मांडीवर दाबला आणि डावा हात भिंतीला लावून उतरायला लागला. दुसऱ्याच पायरीवर तोल गेला, पटकन दोन्ही हातांनी कठडा धरला. ट्रॅक्टरवाला ओरडला, “साहेब, सांभाळून! तुमाला पण अपंगाचं सर्टिफिकेट लागंल!” सगळे हसले. इंजिनियरही हसला आणि कपाळ पुसत म्हणाला, “हे मी टेपनं मोजलं नव्हतं. नवा अहवाल देतो.”

“पण मी करू काय आता?” चेअरमन वैतागले. “बाबांचा पुतळा काढू का? जागा कुठाय खाली?”

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. “शेवटचा गाळा रिकामा आहे, चेअरमनसाहेब. भाडेकरू आलाच नाही.”

“तिथं सामान हाय.”

“काय सामान?” इंजिनियरनं विचारलं.

शटर वर गेलं. आत सत्कार समारंभाच्या खुर्च्या, गुंडाळलेले बॅनर, शालींचे खोके आणि मधोमध एक नवीकोरी व्हीलचेअर, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. मागल्या वर्षी गरजूंना वाटायला आणलेल्यांपैकी उरलेली. चेअरमननी घसा खाकरला. “ठीकंय. तात्पुरतं इथं बसू द्या.”

तात्पुरतं अजून चालू आहे. गेल्या महिन्यात मी गेलो होतो, कामाशिवाय. गाळ्यात टेबल, कॉम्प्युटर, भिंतीपाशी पाण्याचा मोठा जार. बाहेर म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग; ज्यांचे गुडघे गेलेत ते सगळे तिच्याकडेच येतात, वर कुणी जात नाही. वरचे क्लार्क कुरकुरतात म्हणे. चेअरमनसाहेबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तेही सह्यांचे कागद घेऊन खालीच बसतात आणि गाळ्याची कल्पना आपलीच होती असं येईल त्याला सांगतात. सांगू देत. मी त्या जातीचा आहे, मला ओळखू येते.

तिनं चहा मागवला. निघताना खुर्चीतून उठायला गेलो तर डावा गुडघा अडला. खुर्ची बुटकी होती, टेबल लांब होतं. दोनदा रेटून पाहिलं. तिनं बघितलं आणि नेहमीप्रमाणे नजर दुसरीकडे वळवली, मला वेळ मिळावा म्हणून.

“जरा हात देता का?” मी म्हणालो.

तिनं खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले, एका हातानं टेबलाची कड पकडली आणि दुसरा पुढे केला. तळहात खरखरीत होता, चाकं फिरवून फिरवून झालेला.

“सावकाश, सर,” ती म्हणाली. “दोघंही पडलो तर उचलायला शिपाई बोलवावे लागतील.”